हवेत बोट, स्क्रीनवर बाण: 'व्हर्च्युअल माऊस' चालतो कसा आणि अडतो कुठे?

मे २०१९. नांदेडमधल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजची कॉम्प्युटर लॅब. फायनल इयरच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा सुरू होती. माझ्या तर्जनीला लाल आणि अंगठ्याला निळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. समोर लॅपटॉप, त्याच्या वेबकॅमकडे हात धरलेला. एक्स्टर्नल सर शांतपणे म्हणाले, "ती विंडो बंद करून दाखवा."

बोट हवेत सरकवलं तसा स्क्रीनवरचा बाण सरकला. वर उजव्या कोपऱ्यातल्या फुलीजवळ पोहोचलाही. तेवढ्यात मागून लाल टी-शर्ट घातलेला एक ज्युनिअर पाण्याची बाटली घ्यायला गेला, आणि आमचा बाण माझं बोट सोडून त्याच्या मागे निघाला.

लॅबमध्ये हशा पिकला. मार्क ठीकठाक मिळाले, पण ती विंडो शेवटपर्यंत बंद झाली नाही.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, गूगलने 'मीडियापाइप'मधलं हात ओळखणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. टेप नको, हातमोजा नको, साधा वेबकॅम पुरे. आज नांदेड असो की लातूर, 'हाताच्या इशाऱ्यावर चालणारा कॉम्प्युटर' हा फायनल इयर प्रोजेक्टचा ठरलेला विषय झाला आहे. यूट्यूबवर त्याचे ढीगभर व्हिडिओ आहेत. रील्समध्ये तर जादूच वाटते. पण व्हिडिओ संपला की प्रश्न सुरू होतात. बाण थरथरतो का? क्लिक भलतीकडेच का होतो? आणि हातात धड चालणारा दोनशे-तीनशे रुपयांचा माऊस असताना हे हवंय कोणाला?

हात दिसतो म्हणजे नेमकं काय होतं?

कॅमेरा साधारण सेकंदाला ३० फोटो काढतो. म्हणजे एका फोटोसाठी, ज्याला फ्रेम म्हणतात, कॉम्प्युटरला जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात त्याला तीन कामं उरकायची असतात: हात कुठे आहे ते शोधणं, बोटं कशी आहेत ते ठरवणं आणि त्यावरून माऊसला हुकूम देणं.

मीडियापाइप पहिल्या कामात एक शहाणपणा करतं. ते आख्खा हात शोधत नाही, तळहात शोधतं. बोटं उघडतात, मिटतात, एकमेकांमागे लपतात, त्यामुळे हाताचा आकार सतत बदलतो. तळहात त्या मानाने एकसारखा राहतो, जवळजवळ चौकोनी. तो सापडला की तेवढाच तुकडा कापून दुसऱ्या मॉडेलकडे जातो. हे दुसरं मॉडेल हातावर २१ बिंदू मांडतं. मनगटाचा शून्य नंबर, अंगठ्याचं टोक ४, तर्जनीचं टोक ८, मधल्या बोटाचं १२, अनामिकेचं १६ आणि करंगळीचं २०. बाकीचे बिंदू सांध्यांवर.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधी ठिपके, मग त्यांना जोडणाऱ्या रेघा. कॉम्प्युटरला तुमचा हात असाच दिसतो. त्याच्या लेखी कातडी, नखं, अंगठी काही उरत नाही. उरतात २१ ठिपके, आणि प्रत्येकाचे आडवे, उभे आणि खोलीचे आकडे.

एकदा हात सापडला की पुढच्या फ्रेममध्ये पुन्हा शून्यापासून शोधाशोध होत नाही. मागच्या ठिपक्यांवरून हात आता कुठे असेल याचा अंदाज घेतला जातो. हात नजरेआड झाला तरच तळहात शोधणारं मॉडेल पुन्हा जागं होतं. म्हणून तर हे सगळं महागड्या ग्राफिक्स कार्डाशिवाय, साध्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवरही चालतं.

आमच्या टेपमागची प्रेरणा

टेपची कल्पना काही आमची नव्हती. ती प्रणव मिस्त्रींची. मूळचे गुजरातमधल्या पालनपूरचे मिस्त्री आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकले, मग अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये गेले. २००९ साली त्यांच्या 'सिक्स्थसेन्स'ने धुमाकूळ घातला. गळ्यात लटकवलेला छोटा कॅमेरा आणि प्रोजेक्टर, बोटांच्या टोकांवर रंगीत टोपणं. दोन्ही हातांच्या बोटांनी चौकट केली की फोटो निघायचा. तळहातावर फोनचे आकडे उमटायचे आणि तिथेच दाबून नंबर लावता यायचा. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये म्हैसूरच्या टेड इंडिया परिषदेत त्यांनी ते दाखवलं आणि आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी तो व्हिडिओ कॉम्प्युटर क्लासमध्ये तोंडात बोट घालून पाहिला.

रंगीत टोपणं कशासाठी होती? कारण तेव्हा नुसतं बोट ओळखणं कॉम्प्युटरला अवघड होतं. लाल रंगाचा ठिपका शोधणं सोपं. पण रंग शोधणारा प्रोग्राम फक्त रंग शोधतो. टोपण आणि टी-शर्ट यातला फरक त्याला कळत नाही. आमच्या लॅबमध्ये झालं ते हेच.

पुढच्याच वर्षी मिस्त्री आणि सहकाऱ्यांनी 'माऊसलेस' नावाचा प्रयोग केला. टेबलावर रिकामा हात माऊस धरल्यासारखा ठेवायचा. लॅपटॉपमधून निघणारा, डोळ्यांना न दिसणारा लेझरचा पातळ पडदा हातावर आदळतो आणि कॅमेरा ती हालचाल टिपतो. सुटे भाग सुमारे २० डॉलरचे. मला हा प्रयोग सिक्स्थसेन्सपेक्षा जास्त हुशार वाटतो. त्याचं कारण पुढे येईल, हात टेबलावर टेकलेला असतो हे तेवढं लक्षात ठेवा.

कल्पना त्याहूनही जुनी आहे. डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस जगाला दाखवला ९ डिसेंबर १९६८ रोजी. १९८० मध्ये एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी भिंतीकडे बोट दाखवून आणि तोंडाने 'ते तिथे ठेव' असं सांगून चालणारी यंत्रणा मांडली होती. मग २००२ चा टॉम क्रूझचा 'मायनॉरिटी रिपोर्ट', २०१० चा मायक्रोसॉफ्टचा काइनेक्ट, २०१३ चा लीप मोशन. दर काही वर्षांनी 'आता माऊस संपला' अशी बातमी येते. आमच्या डेस्कवरचे माऊस मात्र अजून जागेवर आहेत.

मग यात मशीन लर्निंग कुठे आहे?

व्हायवात हमखास विचारला जाणारा आणि हमखास चुकणारा प्रश्न.

ठिपके मांडणारं मॉडेल हे मशीन लर्निंग आहे. गूगलने त्यासाठी सुमारे ३० हजार खऱ्या फोटोंवर २१ बिंदू चिन्हांकित केले आणि जोडीला कॉम्प्युटरवर बनवलेल्या कृत्रिम हातांची चित्रं वापरली. हजारो हात पाहून मॉडेल शिकलं की तर्जनी मागे लपली असली तरी तिचं टोक साधारण कुठे असणार. आपण हे शिकणं तयार स्वरूपात वापरतो, स्वतः काही शिकवत नाही.

ठिपक्यांवरून इशारा ओळखायचा टप्पा मात्र बहुतेक प्रोजेक्टमध्ये साध्या 'जर-तर'चा असतो. तर्जनीचं टोक तिच्या मधल्या सांध्यापेक्षा वर असेल तर बोट उभं. फक्त तर्जनी उभी असेल तर बाण हलवा. अंगठा आणि तर्जनी चिमटीत आली तर क्लिक. यात लर्निंग नाही, शाळेतली भूमिती आहे. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उलट चार-पाच इशाऱ्यांपुरती भूमितीच बरी. चुकलं तर कुठे चुकलं ते कळतं.

इशारे वाढले की दुसरा रस्ता घ्यावा लागतो. प्रत्येक इशाऱ्याचे शे-दोनशे नमुने स्वतःच्या हाताचे घ्यायचे. २१ ठिपक्यांचे आडवे-उभे मिळून ४२ आकडे. त्यातून मनगटाचा आकडा वजा करायचा, म्हणजे हात स्क्रीनवर कुठेही असला तरी फरक पडत नाही. मग हाताच्या आकाराने भागायचं, म्हणजे हात जवळ असो की लांब, सारखाच दिसतो. हे ४२ आकडे एका छोट्या मॉडेलला शिकवायचे. साध्या लॅपटॉपवर मिनिटा-दोन मिनिटांत काम होतं. मोठ्या प्रमाणावर करायचं तर 'हाग्रिड' नावाचा खुला संग्रह आहे. २०२२ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत १८ इशाऱ्यांचे साडेपाच लाखांहून जास्त फोटो आहेत, चौतीस हजारांवर माणसांचे.

बाण थरथरतो का?

इथे गणित कामाला येतं. वेबकॅमचं चित्र समजा ६४० ठिपके रुंद आणि स्क्रीन १९२० रुंद. म्हणजे कॅमेऱ्यातला एक पिक्सेल स्क्रीनवर तीन होतो. त्यात कडेला हात नेला की तो कॅमेऱ्याबाहेर जातो, म्हणून चित्राच्या मधला चौकोनच वापरतात. तो ४४० रुंद धरला तर एकाचे चारहून जास्त होतात. तुमचा हात कितीही स्थिर असला तरी मॉडेलचा अंदाज फ्रेमागणिक एखाद-दोन पिक्सेल इकडेतिकडे होतोच. स्क्रीनवर ते आठ-नऊ पिक्सेलचं थरथरणं दिसतं.

उपाय म्हणून बाण एकदम नव्या जागी न नेता थोडा थोडा नेतात. यूट्यूबवरच्या कोडमध्ये 'स्मूथनिंग = ५' अशी ओळ दिसते ती हीच. दर फ्रेमला उरलेल्या अंतराचा पाचवा भाग कापायचा. थरथर कमी होते, पण बदल्यात बाण रेंगाळतो. हिशोब करा: दर वेळी ८० टक्के अंतर शिल्लक राहतं, तर १० फ्रेमनंतरही दहा टक्क्यांहून जास्त उरतं. ३० फ्रेमच्या वेगाने ते झालं एक तृतीयांश सेकंद. ऐकायला किरकोळ, हाताला मात्र लगेच जाणवतं. बैलगाडीला स्टीअरिंग लावल्यासारखं वाटतं.

यावर २०१२ मध्ये काही संशोधकांनी 'वन युरो फिल्टर' नावाची सोपी युक्ती मांडली. हात सावकाश चालला असेल तर जास्त गुळगुळीत करायचं, झपकन हलला तर कमी. सावकाश हालचालीत थरथर डोळ्यांत भरते आणि वेगात रेंगाळणं खुपतं, म्हणून. कोड पन्नासेक ओळींचा. प्रोजेक्ट करणाऱ्यांनी तेवढी एक गोष्ट उचलली तरी अर्धी तक्रार मिटेल.

क्लिक करताना नेम का चुकतो?

आमच्या प्रोजेक्टमधली दुसरी चूक मला खूप उशिरा कळली, कारण लाल टी-शर्टच्या विनोदात ती झाकली गेली. टी-शर्ट मधे आला नसता तरी ती विंडो बंद झाली नसतीच.

बाण तर्जनीच्या टोकाला बांधलेला, आणि क्लिकसाठी तर्जनी अंगठ्याकडे न्यायची. म्हणजे क्लिक करायला गेलं की तर्जनी खाली येणार आणि तिच्यासोबत बाणही. नेम फुलीवर, गोळी शेजारी! आजही पुष्कळ तयार कोडमध्ये हाच घोळ आहे. करून बघा: फुलीवर बाण नेऊन चिमटी करा, बाण खाली घसरेल.

दुरुस्ती सोपी आहे. बाण तर्जनीच्या टोकाला न बांधता तिच्या मुळाशी, म्हणजे ५ नंबरच्या ठिपक्याला बांधायचा. चिमटी करताना ते मूळ फारसं हलत नाही. किंवा चिमटी सुरू झाल्याचं लक्षात आलं की बाण तिथेच गोठवायचा.

चिमटी मोजण्यातही एक मेख आहे. 'अंतर ४० पिक्सेलपेक्षा कमी झालं की क्लिक' असा नियम बहुतेक जण लिहितात. खुर्ची मागे सरकवली की हात लहान दिसतो, बोटं उघडी असतानाही अंतर ४० च्या खाली येतं आणि धडाधड क्लिक सुरू होतात. म्हणून अंतर पिक्सेलमध्ये नाही, तळहाताच्या लांबीच्या प्रमाणात मोजायचं.

याहून मोठी अडचण स्वभावाची आहे. माऊस सोडला की तो गप्प बसतो. कॅमेरा गप्प बसत नाही. तुम्ही नाक खाजवलं, चहाचा कप उचलला, शेजारच्याला 'काय झालं?' म्हणून हात केला, की त्याच्या लेखी तोही हुकूम. भस्मासुरासारखी गत: हात जिकडे जाईल तिकडे काहीतरी होणार. म्हणून चांगल्या यंत्रणेत 'आता ऐक' आणि 'आता ऐकू नको' असे दोन वेगळे इशारे लागतात. प्रोजेक्टच्या डेमोत ते कधीच दिसत नाहीत, कारण डेमो दोन मिनिटांचा असतो.

हात भरून येतो, त्याचं काय?

मोबाइल बाजूला ठेवा. उजवा हात समोर, खांद्याच्या उंचीला धरा आणि दोन मिनिटं तसाच ठेवा.

या दुखण्याला संगणकाच्या जगात 'गोरिला आर्म' म्हणतात. उभ्या स्क्रीनला सतत हात लावून काम करायला लावलं की माणसं वैतागतात, हे टचस्क्रीनच्या सुरुवातीच्या काळातच लक्षात आलं होतं. माऊसवर हात टेबलाला टेकलेला असतो. मनगट जरासं हललं की पुरतं. मिस्त्रींचा 'माऊसलेस' मला हुशार वाटतो तो यासाठी. ॲपलने २०२४ मध्ये बाजारात आणलेल्या व्हिजन प्रो चष्म्यातही हाच विचार दिसतो: निवड डोळ्यांनी करायची, चिमटी मात्र हात मांडीवर ठेवून. हवेत हात फिरवायचं काम त्यांनी जवळजवळ काढूनच टाकलं.

तेव्हा ऑफिसात आठ तास एक्सेल भरणाऱ्याने माऊस फेकून देऊ नये.

मग हे कोणाच्या कामाचं?

माझे मामा लातूर जिल्ह्यात शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि तेवढ्यात हाताला कंप सुरू झाला. पार्किन्सन्स. माऊस पकडला की बाण स्क्रीनभर नाचायचा, डबल क्लिक तर जमायचंच नाही. मला वाटलं, आपला प्रोजेक्ट आता खऱ्या कामाला येणार. नवीन मीडियापाइप घेऊन सगळं पुन्हा लिहिलं, लॅपटॉप घेऊन गेले आणि त्यांना म्हटलं, मामा, आता काही धरायचं नाही, नुसता हात हवेत ठेवा.

मामा हसले. "अगं, हात स्थिर ठेवता आला असता तर तुझा माऊसच नसता का धरला?"

बरोबर होतं त्यांचं. वर गणित केलंय तसं, कॅमेरा हाताची थरथर चौपट करून दाखवतो. टेबलाचा आधारही काढून घेतलेला. ज्यांच्यासाठी घेऊन गेले त्यांनाच ते सगळ्यात निरुपयोगी होतं. शेवटी कामाला आलं ते भलतंच: विंडोजच्या सेटिंगमधलं 'माऊस कीज', ज्यात कीबोर्डच्या आकड्यांच्या भागाने बाण हलवता येतो, आणि गूगल डॉक्समधलं मराठी बोलून टायपिंग. दोन्ही फुकट. दोन्ही आधीपासून होतं. मी चार वर्षं इंजिनीअरिंग शिकले, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

इशाऱ्यांचा खरा उपयोग जिथे हात धड आहे पण स्पर्श करता येत नाही, अशा ठिकाणी आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये निर्जंतुक हातमोजे घातलेल्या सर्जनला एमआरआयचं पुढचं चित्र बघायचं असेल तर माऊसला हात लावता येत नाही. लावला तर पुन्हा हात धुणं आलं. टोरँटोच्या सनीब्रुक हॉस्पिटलमध्ये २०११ च्या सुमारास यासाठी काइनेक्ट वापरून पाहिला गेला. तिथे इशारे मोजकेच लागतात: पुढे, मागे, मोठं, लहान. नेम धरायची गरजच नाही. वर्गात सरांनी फळ्यापासून न हलता पुढची स्लाइड आणणं, पिठाचे हात असताना रेसिपीचा व्हिडिओ थांबवणं हेही याच जातीचं. नेम नको, फक्त हुकूम.

आणि हातच चालत नसतील तर? मे २०२३ मध्ये गूगलने 'प्रोजेक्ट गेमफेस' जाहीर केला. डोकं हलवून बाण फिरवायचा, भुवई उंचावून किंवा तोंड उघडून क्लिक करायचं. त्यामागेही मीडियापाइपच आहे, हाताऐवजी चेहरा वाचणारं. मे २०२४ मध्ये तो अँड्रॉइडसाठी खुला झाला आणि त्या कामात भारतातली 'इनक्लूझा' ही संस्था सोबत होती. कोड फुकट आहे. फायनल इयरला 'व्हर्च्युअल माऊस' पुन्हा एकदा करण्यापेक्षा हा मराठीत आणून गावातल्या एखाद्या गरजू माणसापर्यंत पोहोचवणारा गट मला जास्त आवडेल.

बोट नसेल तर मॉडेल काय करतं?

हा मुद्दा डेमोच्या व्हिडिओत येत नाही, पण आपल्या भागात यायलाच हवा. कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात बोट गेलेला एक तरी माणूस आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ओळखीत असतो. मीडियापाइप अशा हातावरही २१ च ठिपके मांडतं. नसलेलं बोट ते अंदाजाने कुठेतरी ठेवतं, कारण चार ठिपके कमी द्यायचा पर्यायच त्याला दिलेला नाही. 'पाचही बोटं उभी' असा इशारा ठरवला असेल तर त्या माणसासाठी तो दरवाजा बंदच.

मशीन लर्निंगचा दुसरा रस्ता इथे खरा उपयोगी पडतो. इशारे आधीच ठरवून न देता, समोरच्या माणसालाच विचारायचं: तुमचा हात सहज कसा होतो? त्या ठेवणीचे शंभर नमुने घ्यायचे आणि छोटं मॉडेल त्यावर शिकवायचं. ठिपके चुकीचे असले तरी प्रत्येक वेळी साधारण सारखेच चुकतात, तेवढं छोट्या मॉडेलला पुरतं.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणांचा अनुभव याबाबत बोलका आहे. २०१८ मध्ये जॉय ब्युलमविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक यंत्रणा तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. तो अभ्यास हातांचा नव्हे, चेहऱ्यांचा. पण त्यावरून एक सवय लावून घेता येते. प्रोग्राम फक्त हॉस्टेलच्या मित्रांच्या हातांवर तपासू नका. आजीच्या सुरकुतलेल्या, वडिलांच्या उन्हात रापलेल्या, बहिणीच्या मेंदी लावलेल्या हातांवरही तपासा.

घरी करून बघायचं असेल तर

लागतं एवढंच: वेबकॅम, पायथन, आणि ओपनसीव्ही, मीडियापाइप व पायऑटोजीयूआय ही तीन पॅकेजं. तिन्ही मोफत. सगळ्यात नवीन पायथनवर मीडियापाइप कधी कधी बसत नाही, म्हणून एक-दोन पायऱ्या जुनी आवृत्ती घ्या. नाहीतर पहिली संध्याकाळ तिथेच जाते.

पुढचे खड्डे मी स्वतः पडून पाहिलेले आहेत. ओपनसीव्ही रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने देतं, मीडियापाइपला लाल-हिरवा-निळा हवा असतो. क्रम उलटवला नाही तर हात नीट सापडत नाही. चित्र आरशासारखं उलटं करायला विसरलात तर हात उजवीकडे नेल्यावर बाण डावीकडे पळतो. बाण तुटक तुटक चालत असेल तर दोष मॉडेलचा असेलच असं नाही: पायऑटोजीयूआय मुळातच प्रत्येक हुकुमानंतर ०.१ सेकंद थांबतं, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त दहा हालचाली. तो थांबा शून्य करा. आणि बाण स्क्रीनच्या कोपऱ्यात गेल्यावर प्रोग्रामच बंद पडला तर घाबरू नका. ती मुद्दाम ठेवलेली सोय आहे, माऊस बेफाम झाला तर थांबवण्यासाठी. ती काढून टाकू नका, बाणाला कोपऱ्यापासून जरा आत अडवा.

उजेडाचंही बघा. खिडकी पाठीमागे असेल तर कॅमेरा तिच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि हात काळा पडतो. खिडकी समोर घ्या. चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले तर आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतोय आणि कॅमेऱ्याची सेटिंग बहुधा ६० वर आहे. ती ५० करा.

कॅमेरा सतत चालू म्हणजे कोणी बघतंय का, ही शंका रास्त आहे. मीडियापाइपचं काम तुमच्याच लॅपटॉपवर होतं, त्यासाठी चित्र बाहेर पाठवावं लागत नाही. वायफाय बंद करून चालवून बघा, चालतं. पण कोणाचं तरी तयार सॉफ्टवेअर डाऊनलोड केलं असेल तर ते आणखी काय करतं याची खात्री ही चाचणी देत नाही.

आता राहिला तयार प्रोजेक्टचा विषय. परीक्षेच्या तोंडावर कोड, रिपोर्ट आणि पीपीटी एकत्र विकणारी दुकानं असतात, हे इंजिनीअरिंगच्या पोरांना सांगायला नको. त्या रिपोर्टमध्ये 'अचूकता ९५ टक्के' असं काहीतरी छापलेलं असतं. गूगलने तळहात शोधणाऱ्या मॉडेलसाठी ९५.७ टक्के सरासरी अचूकता सांगितली आहे, तो आकडा असाच फिरत फिरत येतो. पण तो तळहात सापडण्याचा आकडा आहे, तुमचा क्लिक फुलीवर बसण्याचा नाही. स्वतःचा आकडा हवा असेल तर स्क्रीनवर वेगवेगळ्या आकाराची वीस बटणं काढा, पाच जणांना दाबायला लावा, किती बसली, किती चुकली, किती वेळ लागला ते वहीत लिहा. मग तेच काम साध्या माऊसने करायला लावा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून व्हायवाला जा. एक्स्टर्नल सरांनी विंडो बंद करायला सांगितली, तर बाण ५ नंबरच्या ठिपक्याला बांधलेला आहे ना, तेवढं आदल्या रात्री बघून ठेवा.